जाड चामड्यावर टाके सुटत होते

पिशवीचा पट्टा शिवताना चामड्याचे चार थर एकत्र आले की मशीन नुसतं घुरघुरायचं, टाके सुटायचे, दोनदा सुईही मोडली. मी उगाच धाग्याचा ताण पिळत बसलो. दोष सुईचा होता: १४ नंबरची साधी सुई काढून चामड्याची १८ नंबरची लावली, टाका ४ मिमी केला. तरी थरांच्या उंचवट्यावर चढताना फूट, म्हणजे चामडं दाबून धरणारा मशीनचा पाय, मागे कलायचा. मग त्याच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीचा चामड्याचा तुकडा सरकवला. फूट सपाट बसला! तेवढे पाच-सहा टाके पायडल सोडून हातचाकानेच घेतले. आतल्या थरांच्या कडा आधी तासून पातळ करायला हव्या होत्या. तो कंटाळा नडला. उसवून पुन्हा शिवायचीही सोय नाही, चामड्यातली भोकं बुजत नाहीत.