नव्या ओट्यानंतर सिंक तुंबत असेल किंवा वास येत असेल, तर काय करावे
नाशिकमध्ये सिडको किंवा इंदिरानगर भागातील जुने स्वयंपाकघर नव्याने करताना सिंक बहुधा आतल्या भिंतीवरून खिडकीखाली आणले जाते. ओटा, टाइल्स आणि ट्रॉल्या यांचा बराच विचार होतो, पण सांडपाण्याचा पाइप मिस्त्रीवर सोडला जातो. मग पाणी हळू उतरू लागते, गुडगुड आवाज येतो किंवा ओट्याखालचे दार उघडताच दुर्गंधी येते. टाइल्स फोडण्यापूर्वी दोष पाण्याच्या वाटेत आहे की हवेच्या, हे निश्चित करावे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

प्रथम सिंकला बूच लावून ते भरावे आणि बूच एकदम काढावे. पाणी सुरुवातीपासूनच संथ उतरत असेल, तर अडथळा किंवा चुकीचा उतार असण्याची शक्यता अधिक. पाणी वेगाने उतरून शेवटी जोरात गुडगुड होत असेल, तर पाइपला पुरेशी हवा मिळत नाही.

अडथळ्याची शंका असल्यास खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची, म्हणजे सिंकखालच्या थोडे पाणी धरून ठेवणाऱ्या बाटलीसारख्या भागाची, तळाची वाटी हाताने फिरवून काढावी. काम नुकतेच झालेले असेल, तर तिच्यात बहुतेक वेळा वाळू आणि पांढरे सिमेंट सापडते, कारण थापी आणि घमेली सिंकमध्येच धुतली जातात. ते खरवडून काढावे. ॲसिड ओतू नये आणि ब्लीचबरोबर तर कधीच वापरू नये, कारण त्या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू निघतो. वाटी परत बसवताना तिचा वॉशर जागेवर आहे ना, हे पाहावे.

त्यानंतर उतार तपासावा. आडव्या पाइपला दर मीटरला सुमारे २५ मिमी उतार असावा. गवंड्याकडील पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तो सहज मोजता येतो. लवचिक नालीदार पाइप मध्येच झोळ खात असेल, तर तेथे तेलकट गाळ साचतो. असा पाइप शक्य तेवढा आखूड ठेवावा आणि उरलेले अंतर पक्क्या पीव्हीसी पाइपने जोडावे.

हवेचा प्रश्न अधिक बारकाईने पाहावा लागतो. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाण्याचा थर असतो आणि तोच गटारातील वायू अडवतो. सिंक दूर गेल्यामुळे आडवा पाइप लांबला, की पूर्ण भरून धावणारे पाणी मागे पोकळी निर्माण करते आणि हा थर सोबत ओढून नेते. घरात मुख्य उभ्या पाइपचे हवेचे तोंड गच्चीवर असेल, तर आधी तेथे जावे. वॉटरप्रूफिंगच्या वेळी ते तोंड बंद झालेले असू शकते किंवा जाळी नसल्यास त्यात कबुतराचे घरटेही असू शकते. तोंड मोकळे असूनही आवाज थांबत नसेल, तर ट्रॅपनंतरच्या पाइपपासून स्वतंत्र व्हेंट पाइप (हवेसाठीचा पाइप) वर नेणे हाच खरा उपाय आहे. सदनिकेत डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी) सामाईक असल्याने त्यासाठी सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. तसे करणे अशक्य असेल, तर हवा आत घेणारा पण वायू बाहेर न सोडणारा एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह ट्रॅपपेक्षा उंचावर आणि हात पोहोचेल अशा जागी बसवावा.

आणखी एक चूक वारंवार दिसते: बॉटल ट्रॅपच्या पुढे लगेच दुसरा ट्रॅप बसवला जातो. दोन्हींमध्ये हवा कोंडते आणि पाणी अडखळते, त्यामुळे एक ट्रॅप काढावा.

गुडगुड नसताना केवळ वास येत असेल, तर सिंकचा पाइप जमिनीतील पाइपमध्ये नुसताच खोचलेला आहे का, ते पाहावे. भोवतीची फट रबरी रिंगने बंद करावी. कापडाचा बोळा पुरेसा नाही. एप्रिल-मेमध्ये घर बंद ठेवून गावी गेल्यावर ट्रॅपमधील पाणी आटूनही वास येतो, आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतणे पुरते.

शेवटी प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवून सिंक पुन्हा भरून सोडावे, आणि कागद कोरडा राहिला तरच ओट्याखालची फळी बंद करावी.