बांगडा खोल गेला की कमी झाला? बोटीवर पाण्याचं तापमान मोजण्याची आणि नोंद ठेवण्याची रीत

एखाद्या हंगामात बांगडा हाती लागला नाही की बंदरावर दोनच कारणं ऐकू येतात: पाणी तापलं, नाहीतर पर्ससीनवाल्यांनी (मोठं जाळं गोल टाकून अख्खा थवा वेढणाऱ्यांनी) उपसून नेला. दोन्ही खरी असू शकतात. पण आपल्या बोटीपुरतं काय घडलं हे कळायला पाण्याचं तापमान आणि ताशी पकड, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिलेले लागतात.

उष्णकटिबंधीय हिंदी महासागर 1951 ते 2015 या काळात सुमारे 1 अंशाने तापला. वाढ किरकोळ दिसते, पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्राच्या खारट पाण्यात 25 अंशांना लिटरमागे सुमारे 6.7 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना 6.2. त्याच वेळी माशाच्या शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो. शिवाय वरचा गरम थर हलका असल्यामुळे खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही. मग मासा एकतर खाली सरकतो, नाहीतर किनाऱ्याने उत्तरेकडे. कोचीच्या सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने दोन्ही नोंदवलं आहे. पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकापुरती असलेली तारली पुढे उत्तरेकडे सरकली, आणि पृष्ठभागावर मिळणारा बांगडा तळाच्या ट्रॉलमध्ये (बोटीमागून ओढायच्या जाळ्यात) जास्त येऊ लागला.

थर्मामीटर

0.1 अंशापर्यंत दाखवणारा, वायरवाल्या प्रोबचा (पाण्यात बुडवायच्या सळीचा) डिजिटल थर्मामीटर पुरतो. पाऱ्याचा बोटीवर नको, फुटला तर पारा माशात जातो. आणल्यावर आधी तपासा. बर्फाचा चुरा भांड्यात गच्च भरून त्यात थोडं गोडं पाणी घाला, ढवळा, आणि 3 मिनिटांनी वाचा. 0.0 यायला हवं. 0.4 दाखवत असेल तर प्रत्येक नोंदीतून 0.4 वजा करा. समुद्राचं पाणी वापरून ही तपासणी करू नका, कारण खारट पाण्यातला बर्फ शून्याच्या खाली जातो. महिन्यातून एकदा पुन्हा तपासावं.

वरचं पाणी

इंजिनाचं गरम पाणी ज्या बाजूला पडतं तिच्या विरुद्ध बाजूने, शक्यतो नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून), बादली टाका. पहिली बादली ओतून द्या, म्हणजे उन्हात तापलेली बादली निवते. दुसरी भरून सावलीत ठेवा आणि प्रोब पाण्यात असतानाच मिनिटभरात वाचा. प्रोब बाहेर काढून वाचला तर वाऱ्याने आकडा उतरतो. वेळ पहाटेची ठेवा. वारा पडलेल्या दुपारी वरचा पातळ थर अंश-दीड अंश जास्त तापतो, आणि पहाटेच्या नोंदीची दुपारच्या नोंदीशी तुलना केली की नसलेली वाढ दिसते. फिशफाइंडरचा (मासा शोधायच्या यंत्राचा) आकडा वापरायला हरकत नाही, फक्त आठवड्यातून एकदा बादलीशी ताडून पाहा.

खालचं पाणी

खरी माहिती इथे मिळते, आणि नेमकं हेच मोजायचं राहून जातं. एक लिटरची जाड बाटली घ्या, तिला फोमचं आवरण गुंडाळा आणि बुडाला 2 ते 3 किलो शिसं बांधा. तोंडाला बूच लावून बुचाला वेगळी पातळ दोरी बांधा. मुख्य दोरीवर दर 5 मीटरला खूण करा (वावात मोजत असाल तर 1 वाव म्हणजे साधारण 1.8 मीटर). हव्या खोलीवर पोचल्यावर बुचाची दोरी झटक्याने ओढा, 2 मिनिटं थांबा, भरभर वर घ्या आणि लगेच वाचा. 30 ते 40 मीटरच्या पुढे दाबामुळे बूच निघत नाही किंवा बाटली चेपते. तिथे पाणबंद तापमान-नोंदयंत्र जाळ्याच्या वरच्या दोराला बांधलेलं बरं. दर 5 मिनिटांची नोंद पुरते.

प्रवाहात दोरी तिरकी जाते हे विसरू नका. 50 मीटर दोरी सोडली आणि ती उभ्या रेषेपासून 30 अंश कलली, तर बाटली 43 मीटरवर असते. 45 अंश कलली तर 35 वर. अशा वेळी शिसं वाढवा.

वही

प्रत्येक ओढीला (जाळं एकदा टाकून वर घेतलं की) एक ओळ: तारीख, वेळ, जागा, पाण्याची खोली, वरचं तापमान, जाळ्याच्या खोलीवरचं तापमान, जाळं किती तास पाण्यात होतं, जातवार किलो. प्रमुख जातीचे न निवडता उचललेले 50 मासे पट्टीवर मोजून त्यांची सरासरी लांबीही लिहा. मोठेमोठे उचलले तर ही नोंद फुकट.

मग ताशी पकड काढा. 2 तासांच्या 3 ओढी आणि 180 किलो म्हणजे तासाला 30 किलो. फेरीची एकूण पकड सर्वात जास्त फसवते. पूर्वी 6 तासांत मिळणारा माल आता 10 तासांत मिळत असेल, तरी वजनकाट्यावर फरक दिसत नाही. डोलवाल्यांनी (भरती-ओहोटीच्या प्रवाहात एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं लावणाऱ्यांनी) तासांऐवजी पाण्याची पाळी धरावी, आणि उधाणाची तुलना उधाणाशीच करावी. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, प्रवाह मंदावतो आणि डोल कमीच भरते, त्यात तापमानाचा दोष नाही.

आकडे काय सांगतात

वर 30 अंश, 20 मीटरखाली 27, आणि बांगडा खालच्या ओढीत नेहमीच्या दराने मिळतोय: मासा खोल गेला आहे. गिलनेटच्या (पाण्यात उभ्या सोडायच्या जाळ्याच्या) बोयांची दोरी 2 ते 3 वाव वाढवून जाळं खाली उतरवून पाहा.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तळाचं पाणी अचानक 3–4 अंशांनी उतरलं आणि तळाची ओढ रिकामी आली, तर थंड पाणी सापडलं म्हणून आनंद नको. या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर खालून वर येणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो. लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक मासे थांबत नाहीत. तळ सोडा, उथळ पाण्यात किंवा मधल्या थरात जाळं लावा. ऑक्सिजन तपासायचा साधा संच मिळतो, मच्छीमार सोसायटीने एक घेतला तरी पुरेल.

तापमान नेहमीसारखं, पण ताशी पकड महिनोन्महिने उतरतेय आणि सरासरी लांबीही घटतेय: हा उपसा आहे. त्याचं खापर तापमानावर फोडू नये.

एका गरम दिवसावरून उष्णलाट ठरत नाही. त्या तारखेच्या अनेक वर्षांच्या नोंदींपैकी 90 टक्के नोंदींपेक्षा जास्त तापमान सलग निदान 5 दिवस टिकलं, तरच तिला सागरी उष्णलाट म्हणतात. दोन वर्षांच्या वहीवरून हे सांगता येत नाही.

इन्कॉइसची सूचना

हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी महासागर माहिती केंद्राची संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना उपग्रहाने टिपलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हरितद्रव्य यांवरून काढतात. बंदरापासून दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश त्यात असतात. ढग दाट असले की उपग्रहाला दिसत नाही, आणि मासा खाली उतरला असेल तर तेही कळत नाही. म्हणून खालच्या तापमानाची वही सोबत हवी.

जीपीएसमध्ये आकडे भरताना एक चूक महागात पडते. 16 अंश 30 मिनिटं म्हणजे 16.30 नव्हे, 16.50. ही गल्लत झाली की बोट 12 सागरी मैल चुकते. किलोमीटरला 1.852 ने भागलं की सागरी मैल मिळतात: 46 किलोमीटर म्हणजे जवळपास 25 मैल, 8 नॉटच्या वेगाने तीन तासांहून थोडं जास्त. जाण्या-येण्याचं डिझेल आधी मांडा. सूचना दोन दिवसांहून जुनी असेल तर सुचवलेला पट्टा प्रवाहाबरोबर सरकलेला असू शकतो.

बर्फ

पाणी तापलं म्हणून बर्फ दुप्पट लागेल असं नाही. 200 किलो बांगडा 30 अंशांवरून शून्यावर आणायला साधारण 60 किलो बर्फ वितळतो, 28 वरून 56. खरा बर्फ खातं ते मासे ठेवायच्या खणाचं झाकण आणि भिंती. म्हणून माशाच्या वजनाइतका बर्फ हे प्रमाण कायम ठेवा आणि झाकण कमी वेळा उघडा. बांगडा आणि तारली मात्र डेकवर पडून राहू देऊ नका. उष्णतेत त्यांच्यात हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि ते शिजवल्यानेही जात नाही.