विंडोज ‘सी’ सोडून ‘डी’वर जाऊन बसलं तर

आधी एवढं करा. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे इको लिहा, एक जागा सोडा, मग टक्क्याचं चिन्ह, त्याला चिकटून सिस्टिमड्राइव्ह आणि पुन्हा टक्का. एंटर मारल्यावर विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे त्याचं अक्षर येतं; ते सी आलं तर विंडोज जागच्या जागी आहे. डी, ई किंवा आणखी काही आलं तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे, आणि तेव्हाही लगेच हात घालायचा नाही.

मी बार्शीत संध्याकाळचे घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करते. ‘ताई, सिस्टिमचं लेटर (म्हणजे हेच ड्राइव्हचं अक्षर) बदलून द्या’ असं म्हणत येणारे तीन प्रकारचे असतात, आणि त्यांतल्या दोघांना मी तसंच परत पाठवते.

पहिल्याची सी भरलेली असते. आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारे दुकानदार सीला शंभर-सव्वाशे जीबी देतात आणि उरलेलं सगळं डी-ईला. दोन-तीन वर्षांत सी लाल होते, डी मोकळी पडलेली असते, आणि माणसाला वाटतं की विंडोजलाच डी म्हटलं की झालं. अक्षर बदलून एक केबीसुद्धा जागा मिळत नाही. डाउनलोड्स, व्हिडिओज, पिक्चर्स यांतल्या एकेका फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, तिथला लोकेशन हा टॅब, मूव्ह, आणि डीवर आधीच करून ठेवलेलं फोल्डर दाखवा. थेट डी हे मूळ दाखवू नका, फोल्डरच दाखवा. नाहीतर पुढे ते परत हलवताना डोक्याला ताप होतो. काम संपलं, घरी जा.

दुसऱ्याचं विंडोज पहिल्या दिवसापासूनच ई किंवा जी आहे आणि नीट चालतंय, फक्त डोळ्याला खुपतंय. एक्सपीच्या काळात हे फार दिसायचं. कॅबिनेटला पुढून कार्ड रीडर असायचा, त्याच्या प्रत्येक खाचेने इन्स्टॉलेशनच्या वेळी एकेक अक्षर पकडलेलं असायचं, आणि विंडोजच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं. अशा मशीनला अजिबात हात लावू नका. रजिस्ट्रीत (विंडोजची सगळी सेटिंग्ज जिथे नोंदलेली असतात ती वही), शॉर्टकटांत, प्रत्येक प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ‘ई’ने सुरू होणारे हजारो पत्ते लिहिलेले असतात, तुम्ही अक्षर बदललंत म्हणून ते बदलत नाहीत. खरंच सी हवी असेल तर डेटा काढून घ्या, बाकीच्या डिस्क सोडवा, पेनड्राइव्हवरून बूट (म्हणजे मशीन सुरू) करून विंडोज नव्याने टाका. विंडोज सातपासून पुढे असं बूट करून टाकलेलं विंडोज स्वतःला सीच म्हणवतं.

उरला तिसरा. त्याचं विंडोज सीवरच होतं, मग काहीतरी घडलं आणि ते डी झालं. हा लेख त्याच्यासाठी आहे. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा जुना मदत-लेखही हेच सांगतो: आरशासारख्या जोडलेल्या डिस्क तोडल्यावर वगैरे अक्षर बदललं असेल तर मूळ अक्षर परत आणा, हौस म्हणून बदलू नका, विंडोज सुरू होईनासं होईल.

घरी हे नव्व्याण्णव वेळा एकाच कारणाने होतं. हार्ड डिस्कचं एसएसडीवर, म्हणजे नव्या वेगवान डिस्कवर, क्लोनिंग (जशीच्या तशी नक्कल) केलं, आणि पहिल्यांदा एसएसडीवरून सुरू करताना जुनी डिस्क मशीनलाच जोडलेली राहिली. आमच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त सर आहेत. त्यांनी यूट्यूब पाहून हे सगळं एकट्याने केलं, मशीन सुरूही झालं, आणि मग मला फोन.

‘अगं, जुनी डिस्क फॉरमॅट करतोय तर होत नाही. वापरात आहे म्हणतंय. एसएसडीवर चालू आहे ना सगळं?’

‘सर, थांबा. काहीच करू नका, मी येते.’

ती डिस्क फॉरमॅट होत नव्हती हे सरांचं नशीब.

आता आत काय चाललेलं असतं ते पाहू, कारण ते कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. अक्षर डिस्कवर लिहिलेलं नसतं. जमिनीवर मालकाचं नाव नसतं, सातबाऱ्यावर असतं, तसंच इथे आहे. विंडोजचा सातबारा म्हणजे रजिस्ट्रीतली माउंटेडडिव्हायसेस नावाची ‘की’, म्हणजे तिथला एक कप्पा. तिथे ‘सी म्हणजे अमुक डिस्कचा अमुक भाग’ अशा नोंदी असतात. डिस्कचे भाग पाडायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कची नोंद बारा बाइटची: पहिले चार डिस्कची सही, पुढचे आठ तो भाग कुठून सुरू होतो ते. जीपीटी डिस्कची नोंद चोवीस बाइटची. ती डीएमआयओ, आयडी अशा अक्षरांनी सुरू होते आणि मागे त्या भागाचा, म्हणजे पार्टिशनचा, सोळा बाइटचा ओळख क्रमांक येतो.

क्लोन केल्यावर ही नोंदवहीसुद्धा जशीच्या तशी एसएसडीवर उतरते. तिच्यात सीसमोर अजून जुन्या डिस्कची सही आहे. एसएसडीवरून विंडोज उठतं, वही उघडतं, जुनी डिस्क समोरच दिसते, तिला सी देऊन टाकतं, आणि स्वतः उरलेलं अक्षर घेतं. बाकीच्या रजिस्ट्रीत मात्र सगळीकडे सीच लिहिलेलं. लॉगिननंतर जी यूजरइनिट फाइल चालवायची तिचा पत्तासुद्धा सीवरचा. म्हणजे इंजिन एसएसडीचं आणि अर्धे डबे जुन्या डिस्कचे अशी गाडी चालू राहते. जुनी डिस्क काढलीत की पासवर्ड टाकल्यावर काळा किंवा निळा पडदा, ‘प्रिपेअरिंग युवर डेस्कटॉप’, आणि पुढे काही नाही. चांगलं क्लोनिंग सॉफ्टवेअर ही नोंद स्वतःच सुधारतं, पण त्यावर विसंबू नका. क्लोन झाल्या झाल्या मशीन बंद करायचं, जुनी डिस्क सोडवायची आणि मगच पहिल्यांदा सुरू करायचं. वहीतली सही समोर दिसलीच नाही तर घोळ व्हायची शक्यता खूप कमी होते.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन राइट क्लिकने हे बदलता येईल असं सगळ्यांनाच वाटतं. डेटाच्या पार्टिशनला तिथे अक्षर बदलता येतं, एका मिनिटाचं काम. विंडोज ज्यावर आहे त्या भागाला मात्र ते साफ नकार देतं. तो नकार योग्यच आहे.

तयारी. महत्त्वाच्या फाइल तिसऱ्याच कुठल्या तरी डिस्कवर काढा. ज्या दोन डिस्कचा गोंधळ आहे त्यांतल्या एकीवर नाही. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायचा लांबलचक आकडा, कागदावर उतरवून घ्या. विंडोज अकराच्या बऱ्याच लॅपटॉपवर मालकाला पत्ताही नसताना ते चालू असतं आणि की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बसलेली असते. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा इन्स्टॉलर बनवा, तोही दुसऱ्या, धड मशीनवर. आणि मशीन बंद करताना शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नेहमीचं शटडाउन हे पूर्ण बंद होणं नसतंच, विंडोजचा गाभा अर्धवट झोपवलेला असतो. बाहेरून रजिस्ट्री दुरुस्त केली तरी तो उठताना जुनीच घेऊन उठतो, आणि मग ‘सगळं बरोबर केलं तरी होत नाही’ अशी तक्रार येते.

लॉगिन होत असेल तर सोपा रस्ता. रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री बदलायचं साधन, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डावीकडे एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टिम, त्यात माउंटेडडिव्हायसेस. त्या कीवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. उजवीकडे बॅकस्लॅश, डॉसडिव्हायसेस, बॅकस्लॅश आणि पुढे अक्षर अशा नावांच्या ओळी दिसतील. सीची ओळ आणि डीची ओळ उघडून आतला मजकूर एकदा कागदावर टिपून घ्या. कुठली सही कुठल्या डिस्कची याची शंका असेल तर काळ्या खिडकीत चालणाऱ्या डिस्कपार्ट या साधनामध्ये डिस्क निवडून युनिकआयडी डिस्क ही आज्ञा द्या. एमबीआर डिस्कची सही दिसते. रजिस्ट्रीत मात्र तिच्या चार जोड्या उलट्या क्रमाने असतात, शेवटची जोडी आधी. हे माहीत नसलं की माणूस ‘जुळत नाही’ म्हणून अडकून बसतो.

मग नावं बदलायची. सीच्या ओळीवर राइट क्लिक, रिनेम, फक्त सीच्या जागी झेड. आता डीच्या ओळीत डीच्या जागी सी. शेवटी झेडला डी. मधे झेड का, तर एकाच नावाच्या दोन ओळी रजिस्ट्री ठेवू देत नाही. बाकी एक टिंबही हलवू नका. कोलन गाळला गेला तरी नोंद फुकट. आता दुसरं काही न उघडता शटडाउन, शिफ्ट धरून. जुनी डिस्क सोडवा आणि सुरू करा. सरांचं मशीन याच रस्त्याने सरळ झालं.

लॉगिनच होत नसेल तर पेनड्राइव्हवरून बूट करा. भाषेचा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ टेन; काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं. काळी खिडकी येईल, ती एक्स या ड्राइव्हवर असेल. घाबरू नका, तो इन्स्टॉलरचा स्वतःचा तात्पुरता ड्राइव्ह आहे. इथे दिसणारी सगळीच अक्षरं तात्पुरती असतात. तुमचं विंडोज इथे डी दिसलं म्हणजे ते खरोखर डी झालंय असं नाही. पुष्कळदा आधीच्या छोट्या सिस्टिम रिझर्व्हड भागाने इथली सी घेतलेली असते. याच कारणाने इथे डिस्कपार्टने अक्षर देऊन काही होत नाही. कित्येक व्हिडिओंत तेच करून दाखवलेलं असतं. रीस्टार्ट केलं की सगळं पुसलं जातं.

डिस्कपार्ट, मग लिस्ट व्हॉल्यूम. आकारावरून तुमचा भाग ओळखा, एक्झिट करा, आणि डीआयआर देऊन त्यात विंडोज आणि यूजर्स ही फोल्डर आहेत ना ते पाहा. भाग एन्क्रिप्ट केलेला असेल तर तो आधी रिकव्हरी कीने उघडावा लागेल, तोवर आत काहीच दिसणार नाही. मग तिथूनच रेजएडिट. एचकी लोकल मशीनवर एकदा क्लिक करून ठेवा, फाइल मेन्यू, लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाइल). आपल्या भागातल्या विंडोज, सिस्टिम बत्तीस, कॉन्फिग या फोल्डरमधली सिस्टिम नावाची फाइल निवडा; तिला एक्स्टेन्शन नसतं. नाव विचारेल, एबीसी काहीही द्या. आता एचकी लोकल मशीनखाली एबीसी दिसेल, त्यातली माउंटेडडिव्हायसेस ही तुमची. ही पायरी चुकवून लोक तिथेच दिसणाऱ्या ‘सिस्टिम’मध्ये फेरफार करतात. ती इन्स्टॉलरची वही, पेनड्राइव्ह काढला की गेली.

एक्सपोर्ट करा. इथे मी नावांची अदलाबदल करत बसत नाही. डॉसडिव्हायसेसच्या सी आणि डी या दोन्ही ओळी सरळ काढून टाकते. जुनी डिस्क जोडलेली नसली की विंडोज उठताना सी मोकळी पाहतं, स्वतः घेतं आणि नवी नोंद करतं. झालं की एबीसीवर क्लिक करून फाइल, अनलोड हाइव्ह. ते विसरू नका. पेनड्राइव्ह काढा, मशीनमध्ये फक्त एसएसडी ठेवा, सुरू करा.

डेस्कटॉप आला की सुरुवातीचीच इको आज्ञा पुन्हा द्या. सी आली? मग दोनदा रीस्टार्ट करा, प्रिंटर, ब्राउझर, ऑफिस उघडून पाहा. डेटाची दुसरी पार्टिशनं असतील तर त्यांची अक्षरं या गडबडीत सरकलेली असू शकतात. टॅलीचा डेटा डीवर होता आणि आता तो भाग ई झाला असेल तर टॅली कंपनी दाखवणार नाही; डेटा गेला म्हणून छाती धडधडायला नको. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या भागाला त्याचं जुनं अक्षर परत द्या. अक्षर दुसऱ्या कोणी अडवलं असेल, बहुधा डीव्हीडी ड्राइव्हने, तर आधी त्याला पार मागे झेडला ढकला.

जुनी डिस्क परत जोडल्यावर डिस्क मॅनेजमेंट तिला कधी कधी ऑफलाइन दाखवतं आणि सह्या जुळतात असं सांगतं. ऑनलाइन केलंत की विंडोज तिची सही बदलतं. डेटा वाचता येतो, पण एमबीआर डिस्क असेल तर त्यानंतर तिच्यावरून बूट होणं कठीण. म्हणून नवं बस्तान बसलंय याची खात्री होईपर्यंत ती जोडूच नका, फॉरमॅट तर त्यानंतरची गोष्ट. सर महिनाभर थांबायला तयार नव्हते. मी ती डिस्क माझ्याकडेच ठेवून घेतली.