छिंगहाव: काढा चुलीवर ठेवण्याआधी या चुका टाळा

हिवतापावर 'छिंगहाव' हा चिनी पाला गुणकारी, ही ऐकीव गोष्ट नाही. त्यातून निघालेल्या आर्टेमिसिनिन या औषधी द्रव्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण एवढं वाचून वाळका पाला मागवायचा आणि काढा उकळायला ठेवायचा, हे मात्र करू नका.

सगळ्यात मोठी चूक उकळण्याची. आपला हात काढ्याला सरावलेला असतो: पाला टाका, पाणी अर्ध्यावर आटवा, गाळा. छिंगहावला ती आच सोसत नाही. तू योयो यांच्या गटालाही सुरुवातीला हाच अनुभव आला. अर्काचा गुण एकदा दिसे, एकदा नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याची नोंद त्यांनी पुन्हा वाचली: मूठभर पाला दोन मापं पाण्यात भिजवा, पिळा, तो रस प्या. उकळायचं त्यात नव्हतंच! त्यांनी साधारण ३५ अंशांना उकळणारं ईथर वापरलं आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा अर्क उंदरांच्या हिवतापावर पूर्ण लागू पडला. रुग्णांना देण्याआधी १९७२ मध्ये तो त्यांनी स्वतः घेऊन पाहिला.

मग नुसता भिजवून प्यायला तर? तेही नको. आर्टेमिसिनिन पाण्यात फार कमी विरघळतं, आणि कुठल्या पानात ते किती आहे हे घरी कळत नाही. हिवतापासाठी हा चहा घेऊ नये, असंच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

नावाचाही घोळ आहे. चीनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या झाडाला छिंगहाव म्हणत, त्यात हे द्रव्य नाही. ते पिवळ्या फुलांच्या 'ह्वांगह्वाहाव'मध्ये सापडलं. ज्योतिबाला वाहतो तो आपला दवणा याच कुळातला, वासही तसाच उग्र-गोड. म्हणून दवण्याचा काढा हिवतापावर चालेल असं समजू नका.

शेवटची चूक जिवावर बेतते. काढ्याने म्हणा किंवा उरलेल्या दोन गोळ्यांनी म्हणा, ताप उतरतो आणि माणूस कामाला लागतो. परजीवी मात्र रक्तात उरलेले असतात. काही दिवसांनी थंडी वाजून ताप पुन्हा भरतो. फाल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच आर्टेमिसिनिन-वर्गाचं औषध एकटं देत नाहीत, जोडीला दुसरं असतं, आणि तीन दिवसांचा डोस पुरा करावाच लागतो. थंडी-ताप आला की आधी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या थेंबभर रक्तावर ही तपासणी होते.