सहलीला निघताना मुलांच्या हातात पैसे कसे द्यावेत

दोन वर्षांपूर्वी महाबळेश्वरहून परतलो, तेव्हा पाचपाखाडीतल्या आमच्या घरात पिशव्या उतरवून घेताना मी त्या मोजल्या. कपड्यांच्या दोन, बाकी पाच नुसत्या खरेदीच्या. दिव्याची गरगर फिरणारी भिंगरी तर खालापूरच्या फूड मॉलवर थांबलो तिथेच बंद पडली होती. पण मला लागलं ते वेगळंच. चार दिवसांत "आई, घे ना" आणि "नको म्हटलं ना" याखेरीज मुलांशी आमचं धड बोलणंच झालं नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालवण आणि सावंतवाडीला गेलो, तेव्हा खर्चाचे पैसे मुलांच्याच हातात दिले. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात. काही जमलं, काही चुकलं. पुन्हा जाताना आम्ही जे करू, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पायरी १: कोणता खर्च कोणाचा, हे घरीच ठरवा

निघायच्या आठवडाभर आधी, जेवणं झाल्यावर मुलांना घेऊन बसा आणि एका कागदावर दोन रकाने करा. प्रवास, राहणं, तिन्ही वेळचं खाणं, किल्ल्यावर जायच्या होडीचं तिकीट, शहाळं हे सगळं आईबाबांचं. खेळणी, जत्रेतल्यासारखे फुगे फोडायचे खेळ, दुसरं आइस्क्रीम, मैत्रिणीसाठी भेटवस्तू हे मुलांचं. आम्ही ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने गेलो. त्या गाडीत दिवसभर कोणी ना कोणी खायचं घेऊन डब्यातून फिरत असतं, त्यामुळे "गाडीतला खाऊ कोणाचा?" हा वाद दिवा स्टेशन यायच्या आधीच सुरू झाला. तो कागदावर लिहायचा आम्ही विसरलो होतो. तुम्ही विसरू नका.

कागद मुलांनाच लिहायला सांगा. स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या यादीवर मुलं कमी भांडतात.

पायरी २: रक्कम ठरवा, आणि काकांचं पाकीटही धरा

किती द्यायचे याला ठरलेलं गणित नाही. आम्ही असा हिशोब केला: तिथली एक मनाजोगी वस्तू आणि दोन-तीन बारीकसारीक गोष्टी येतील इतके, पण दिसेल ते सगळं घेता येणार नाही इतकेच. थोरलीला ६०० आणि धाकट्याला ४०० रुपये दिले. तुमच्या घरी १०० बसत असतील तर १०० द्या. आकडा लहान असला तरी चालतो, मात्र मधेच तो वाढवायचा नाही.

आपल्याकडे एक भानगड हमखास होते. वाटेत नातेवाइकांकडे उतरलं की निघताना काका-मावशी "असू दे गं, पोरांना खाऊला" म्हणत मुलांच्या मुठीत पाचशेची नोट कोंबतात. नको म्हटलेलं कोणी ऐकत नाही, आणि ऐकावं असंही नाही, त्यात माया असते. पण त्या नोटेचं काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर सगळा हिशोब कोलमडतो. आमच्याकडे ठरलं की असे पैसे आईकडे ठेवायचे, घरी आल्यावर मुलांच्या खात्यात भरायचे, आणि काकांना मुलांनी स्वतः फोन करून सांगायचं. घेऊन विसरून जायचे नाहीत. असे पैसे आई ‘सांभाळून ठेवते’ आणि ते पुन्हा दिसत नाहीत, हे मुलं फार लवकर ओळखतात.

पायरी ३: सुट्टे काढून ठेवा

निघायच्या दोन दिवस आधी जांभळी नाक्यावर फराळाचं सामान आणायला गेले, तेव्हा ओळखीच्या दुकानदाराकडून दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा मागून घेतल्या. मुलाला अख्खी पाचशेची नोट दिली तर ती एकदा मोडली की संपलीच. दहा-दहाच्या नोटा हातातून जाताना दिसतात.

सात-आठ वर्षांच्या मुलाला एकदम सगळे देऊ नका. धाकट्याला दिवसाला १०० अशी चार पाकिटं केली, वर त्यानेच वार लिहिले. उरलेले दुसऱ्या दिवशीच्या पाकिटात जायचे, उद्याचं पाकीट आज फोडायचं नाही. थोरलीला पूर्ण रक्कम एका बटव्यात दिली आणि एक छोटी वही.

फोनवरून पैसे भरायचा मोह टाळा. स्कॅन केलं, आवाज आला, वस्तू हातात आली: यात गेलं काय, ते लहान मुलाला कळतच नाही. दुकानात सुट्टे नसतील तर तुम्ही फोनवरून भरा, पण मुलाकडून तेवढे रोख तिथल्या तिथे हातात घ्या. "नंतर दे" म्हणू नका.

पायरी ४: बाजारात पहिली फेरी नुसती बघायची

आधी फक्त बघायचं, भाव विचारायचा, पुढे जायचं. भाव मुलानेच विचारायचा, "काका, हे केवढ्याला?" असं तोंडाने. आमची थोरली बुजरी आहे. पहिल्या दुकानात ती माझ्या ओढणीमागून बोलली, चौथ्या दुकानात माझ्यापुढे होती.

शंभराच्या वरची वस्तू असेल तर मधे निदान एक चहा जाऊ द्या. त्यानंतरही हवी असेल, तर घेऊ द्या.

घेण्याआधी तपासायला शिकवा. चाक फिरतं का, रंग बोटाला लागतो का, कड टोचते का? कारखान्यात बनलेल्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे हाताने केलेल्या लाकडी खेळण्यावर चिन्ह नसलं म्हणून बिचकू नका. पाकीटबंद वस्तूवरची छापील किंमतही मुलालाच वाचू द्या, त्याहून जास्त कोणी मागू शकत नाही.

घासाघीस करायची का? ठेल्यावरच्या प्लास्टिकसाठी थोडी करा. पण कारागीर स्वतः समोर बसून रंगवत असेल, तिथे मुलांदेखत भाव पाडू नये, असं माझं मत आहे.

पायरी ५: मूल चुकलं तर पाकीट उघडू नका

ही सगळ्यांत अवघड पायरी. मालवणला दुसऱ्या दिवशी धाकट्याने साबणाचे फुगे सोडणारी बंदूक घेतली, १५० रुपयांची. "नीट बघ" एवढंच मी म्हटलं. पुढे गोळा, पेप्सीकोला, आणखी एक गोळा. शेवटच्या दिवशी सावंतवाडीला चितार आळीत पोहोचलो, तेव्हा त्याच्याकडे १५० उरले होते.

चितार आळीत लाकडी फळं, भातुकली, भोवरे मांडून ठेवलेले असतात. त्याचं लक्ष गेलं ते बैलगाडीवर. पांढरे बैल, लाल शिंगं, खरोखर फिरणारी चाकं. किंमत १८०. त्याने ओट्यावर नोटा मांडल्या, मोजल्या, परत मोजल्या. मग चाक बोटाने एकदा फिरवलं. दुकानातले काका म्हणाले, "सावकाश बघ रे बाळा." माझा हात पर्सकडे गेला होता. तीस रुपयांचा तर प्रश्न होता. नवऱ्याने नुसती मान हलवली आणि मी थांबले.

त्याने बैलगाडी जागेवर ठेवली. डोळे भरले होते, पण मागितले नाहीत. दहा मिनिटांनी ६० रुपयांचा भोवरा घेतला आणि ९० रुपये खिशात घालून बाहेर आला. अशा वेळी "मी तुला म्हटलं होतं ना" हे वाक्य गिळून टाका. मी त्याला जवळ घेतलं आणि आम्ही मोती तलावाच्या कठड्यावर जाऊन बसलो. आणखी काही करायची गरज नव्हती.

भावंडांत उसनवारी चालू द्यायची की नाही, हे मात्र आधी ठरवा. थोरली तीस रुपये द्यायला तयार होती, पण तिच्या डोळ्यांतही पाणी बघून मला सुचलंच नाही. पुढच्या वेळी आम्ही परवानगी देऊ, वहीत लिहून आणि घरी आल्यावर फेडायच्या बोलीवर.

पायरी ६: आठवण म्हणून काय आणायचं, काय नाही

थोरलीने सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते रंगवणारे कारागीर पाहिले. दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. पूर्ण संच तिच्या ६०० रुपयांत बसण्यातला नव्हता. रंगवलेली एक छोटी वस्तू तिने घेतली आणि मत्स्य ते कल्की सगळे अवतार वहीत उतरवून आणले.

किनाऱ्यावरचा शिंपला उचलण्याआधी आत जीव आहे का ते बघायला सांगा, शंखात बरेचदा खेकडा राहत असतो. प्रवाळ तर विकतही घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे.

शेजारी आणि ऑफिसला द्यायचं खाजं, कोकम हे आईबाबांच्या खर्चात. मुलांनी स्वतःच्या पैशातून दोघांसाठीच आणावं. अख्ख्या वर्गाला काही आणायची गरज नाही.

पायरी ७: घरी आल्यावर

उरलेले पैसे मुलांचेच. "दे इकडे, ठेवते" म्हणून काढून घेतलेत, तर पुढच्या वेळी ती शेवटच्या दिवशी सगळे उडवतील. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावावर बचत खातं उघडून स्वतः चालवता येतं. थोरलीचं आम्ही नौपाड्यात उघडलं, पावती तिनेच भरली.

ठाण्याच्या दोन खोल्यांत जागा मोजकीच. म्हणून टीव्हीखालचा एकच कप्पा सहलीच्या वस्तूंना दिला आहे. प्रत्येक वस्तूच्या तळाला बॉलपेनने गाव आणि वर्ष लिहायचं. कप्पा भरला की नवी वस्तू ठेवण्याआधी जुनी एक कोणाला तरी द्यायची, कोणती ते मुलांनी ठरवायचं. साबणाची बंदूक डिसेंबरात गेली. नव्वद रुपये अजून धाकट्याच्या डब्यात आहेत, वर त्याच्या अक्षरात ‘बैलगाडी’ असं लिहिलेलं.