हर्पिस निघालंय? आपल्यासारखी माणसं कशी आणि कुठे शोधायची

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की डॉक्टर गोळ्या लिहून देतात, जागा कोरडी ठेवा, जोडीदाराला सांगा, एवढं बोलतात आणि पुढचा पेशंट आत येतो. गोळ्यांनी फोड सुकतात, पण रात्री दोन वाजता डोक्यात जे चालतं त्यावर गोळी नाही. त्यावर एकच उपाय मी काम करताना बघितलाय, तो म्हणजे यातून आधी गेलेलं एखादं माणूस. मला एचएसव्ही-२ (म्हणजे हर्पिसच्या व्हायरसचा टाइप २, जो बहुतेक वेळा जननेंद्रियावर येतो) होऊन बरीच वर्षं झालीत आणि आता एका छोट्या ऑनलाइन गटात नवीन आलेल्यांशी मी बोलते, त्यामुळे हे सगळं जरा सविस्तर लिहितेय. हजार लोकांचा गट नाही मिळाला तरी चालतं, दोन-तीन नीट माणसं मिळाली तरी पुष्कळ होतं, आणि तीही आपलं खरं नाव न सांगता मिळू शकतात.

शोधायला लागण्याआधी आपल्याला नक्की काय झालंय ते कागदावर बघून घ्या, कारण कुठल्याही गटात पहिला प्रश्न तोच येतो, टाइप १ की टाइप २, आणि टेस्ट कसली. फोडातून घेतलेल्या स्वॅबची पीसीआर असेल तर तो निकाल भरवशाचा. नुसत्या रक्ताच्या आयजीएमवर (आयजीएम आणि आयजीजी या रक्तातल्या अँटीबॉडीच्या टेस्ट) कुणी हर्पिस सांगितलं असेल तर तेवढ्यावर खचून जाऊ नका, ती टेस्ट यासाठी विश्वासाची धरत नाहीत, आयजीजीचा आकडाही काठावर असेल तर खोटा पॉझिटिव्ह निघू शकतो, त्वचारोगतज्ज्ञाला परत विचारा. आपल्याकडे कितीतरी बायकांना गरोदरपणात टॉर्च टेस्ट (बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी) करायला सांगतात आणि त्यात हर्पिस आयजीजी पॉझिटिव्ह बघून घरात रडारड होते, तो बऱ्याचदा लहानपणी कधीतरी होऊन गेलेला टाइप १, म्हणजे बहुतेक ओठांवर येणारा, असतो. आणि मराठीत सर्च करताना सांभाळून, नागीण टाकलंत की झोस्टरची माहिती येते, तो वेगळा व्हायरस, त्याचे गटही वेगळे.

आता माणसांकडे येऊ. एचआयव्हीसाठी आपल्याकडे एनएमपी प्लससारखं पेशंट लोकांनीच उभं केलेलं जाळं आहे, हर्पिसचं तसं काही उभं राहिलेलं नाही. त्यामुळे शहरात बोर्ड लावलेला गट शोधत फिरू नका. सुरुवात सरकारी हॉस्पिटलातल्या सुरक्षा क्लिनिकपासून करा. जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजांत ते असतं, बहुतेक वेळा त्वचा व गुप्तरोग विभागाच्या आसपास, आणि तिथे समुपदेशक बसतात. फुकट असतं. तिथे हर्पिसच्या पेशंटला लाल रंगाचं पाच नंबरचं किट देतात, त्यात असायक्लोविर हे हर्पिसचं औषध असतं, म्हणजे आपल्यासारखे इतके लोक तिथे येतात की सरकारने त्यासाठी वेगळा रंग ठरवून ठेवलाय. समुपदेशकाला सरळ विचारा, अशाच दुसऱ्या कुणा पेशंटला माझ्याशी बोलायला आवडेल का, त्यांना विचारून बघाल का. तुमचा नंबर लगेच देऊ नका, समोरचा हो म्हणाला की मगच. जायची हिंमत होत नसेल तर नॅकोची (सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) १०९७ ही फुकट हेल्पलाइन आहे, लोक ती एचआयव्हीची म्हणून ओळखतात पण गुप्तरोगांबद्दलही तिथे विचारता येतं. आणि जीव नकोसा वाटत असेल तर गट वगैरे नंतर, आधी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू असतं.

ऑनलाइन जाण्याआधी अर्धा तास काढून एक वेगळी ओळख तयार करा, हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. नवीन जीमेल उघडा, त्यात खरं नाव, जन्मतारीख, फोटो काही नको. गूगल मीटवर जीमेलचंच नाव सगळ्यांना दिसतं, ऐन मीटिंगमध्ये ते बदलता येत नाही, म्हणून आधीच काहीतरी साधं नाव ठेवा. झूमला आत जाण्याआधी नाव बघून घ्या, कारण फोनचंच नाव तसंच्या तसं दिसू शकतं आणि फोनला आपण आपलंच नाव दिलेलं असतं. टेलिग्रामच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये नंबर कुणालाच दिसू नये असं करा आणि कॉन्टॅक्ट सिंक बंद ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपला मी सुरुवातीला नाहीच म्हणते, तिथे नंबर उघडा पडतो आणि ट्रू कॉलरवर नंबर टाकला की आडनावासकट माणूस समोर. फेसबुकचा प्रायव्हेट ग्रुप म्हणजे बाहेरच्यांपासून प्रायव्हेट, आतल्या मेंबरना तुम्ही दिसताच, मावसभाऊ आत असेल तर त्यालाही दिसाल. अनॉनिमस पोस्टची सोय असते पण ॲडमिनला नाव कळतंच.

इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येत असेल तर रेडिटवरचा आर/हर्पिस हा सगळ्यात सोपा दरवाजा, खरं नाव लागतच नाही. औषध आणि लसीच्या संशोधनाच्या बातम्या हव्या असतील तर आर/हर्पिसक्युअररिसर्च वेगळा आहे, पण निदान ताजं असताना तिथे जाऊन बसू नका, रोज लस कधी येणार हे बघत माणूस झिजतो. इंग्लंडात हर्पिस व्हायरसेस असोसिएशन ही जुनी संस्था आहे, तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आधी त्यांची हेल्पलाइन गाठावी. न्यूझीलंडला हर्पिस फाउंडेशन आहे. अमेरिकेत समथिंग पॉझिटिव्ह फॉर पॉझिटिव्ह पीपल नावाचं पॉडकास्ट आहे, त्यात हर्पिस असलेले लोक स्वतःच्या तोंडून बोलतात, हेडफोन लावून भांडी घासताना ऐकता येतं, लिहिण्याबोलण्याची तयारी नसेल त्यांना मी हेच सांगते. परदेशातल्या ऑनलाइन मीटिंगची वेळ मात्र आधी मोजा. न्यूयॉर्कचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा, घरचे उठायच्या आत होऊन जातं. लंडनचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा किंवा साडेबारा.

आत गेल्यावर आठवडाभर नुसतं वाचा. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, तिथे सगळ्यात जास्त लिहितात ते कालपरवा निदान झालेले किंवा ज्यांना वारंवार त्रास होतो ते. ज्यांचं सुरळीत झालं, वर्षातून एखाद्या वेळी फोड येतो किंवा तोही नाही, ज्यांची लग्नं झाली, पोरं झाली, ते गट सोडून आपापल्या कामाला लागलेत. म्हणून गट वाचून असं वाटतं की या रोगात सगळे उद्ध्वस्तच होतात, तसं नाहीये. डब्ल्यूएचओच्या अंदाजानुसार जगात १५ ते ४९ वयाच्या ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियाचं हर्पिस आहे, म्हणजे दर पाचात एकाहून जास्त, आणि त्यातले बहुतेक तुमच्याआमच्यासारखेच ऑफिसला जातात, डबा खातात. तेव्हा गटात जुने लोक शोधा. प्रोफाइल उघडून मागचं बघा, पाच-सात वर्षांपासून असलेला आणि नवीन लोकांना शांतपणे उत्तर देणारा कोण आहे. गट चांगला की नाही हे बघायची माझी एक पद्धत आहे, फोड नसताना पसरतच नाही असं कुणी लिहिलं तर बघायचं की त्याला कुणी अडवतं का. फोड नसतानाही पसरू शकतं, कंडोमने धोका कमी होतो पण शून्य होत नाही, आणि रोज व्हॅलासायक्लोविरची (हर्पिसवरचं औषध) गोळी घेतली तर जोडीदाराला लागण व्हायची शक्यता जवळपास निम्मी होते. जिथे हे लगेच कुणीतरी दुरुस्त करतं तिथे थांबा. फोन ठेवल्यावर दरवेळी जास्तच घाबरल्यासारखं होत असेल तर तो गट सोडा, कुणाला कारण द्यायची गरज नाही.

पहिली पोस्ट छोटी लिहा. म्हणजे असं काहीतरी, 'महाराष्ट्र, तिशीतली बाई, नुकतंच एचएसव्ही-२ कळलंय, स्वॅबवरून. एकत्र कुटुंबात राहते, रोजच्या गोळ्या घरात कशा ठेवता हे अशा घरात राहणाऱ्यांनी सांगाल का?' बघा, यात गाव नाही, कंपनी नाही, नवऱ्याचं काम नाही, आणि प्रश्न एकच आणि नेमका आहे. नुसतं माझं आयुष्य संपलं लिहिलंत तर सहानुभूती मिळेल, पण नेमकं विचारलंत की नेमकं उत्तर मिळतं, कुणी सांगेल मल्टिव्हिटॅमिनच्या डबीत ठेवते, कुणी म्हणेल नवऱ्याला सांगितलं आणि आता तोच आणून देतो. रिपोर्टचा फोटो टाकू नका, लॅबचं नाव आणि बारकोड त्यावर असतो.

पोस्ट टाकली की इनबॉक्समध्ये एक मेसेज हमखास येतो, 'माझंही असंच होतं, अमुक डॉक्टरच्या जडीबुटीने तीन आठवड्यांत निगेटिव्ह झालं, हा घ्या नंबर.' ब्लॉक करा. हर्पिसचा व्हायरस नसांच्या मुळाशी दडून राहतो, त्याला शरीरातून पूर्ण काढणारं औषध आज नाही, ना ॲलोपॅथीत ना आयुर्वेदात ना कुणा बाबाकडे. गुप्तरोग बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी लोक हजारो रुपये घालवतात. दुसरा प्रकार याहून वाईट, गोड बोलून फोटो मागणारे आणि मग घरी कळवीन म्हणणारे. एक रुपया देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. हर्पिसवाल्यांसाठीच्या म्हणून ज्या डेटिंग साइट असतात त्यांना सपोर्ट ग्रुप समजू नका, त्यातल्या एका साइटवरच्या लोकांचे प्रोफाइल दुसऱ्या साइटवर दिसले म्हणून २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात ज्युरीने कंपनीला मोठा दंड ठोठावला होता.

मोठ्या गटात थोडे रुळलात की आपल्याकडची माणसं शोधा. गटाच्या सर्चमध्ये इंडिया, मुंबई, पुणे, अरेंज मॅरेज असं टाका. जुन्या पोस्ट निघतात, त्याखाली कुणीतरी असतंच. हे मी मुद्दाम सांगतेय कारण अमेरिकन माणूस तुम्हाला तिसऱ्या डेटला सांग म्हणेल, आपल्याकडे कांदेपोहे झाल्यावर मुलाला एकट्याला कधी गाठायचं, होकार येण्याआधी की नंतर, त्याने आईला सांगितलं तर काय, हे तो कुठून सांगणार? हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडूनच शिकावं लागतं. साखरपुड्याच्या आधी सांगा, एवढं माझं ठाम मत आहे, कसं सांगायचं यावर मात्र दोन-तीन जणांशी बोलून मग ठरवा. पुरुषांशी संबंध असलेले पुरुष किंवा ट्रान्स व्यक्ती असाल तर मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतंय, तिथे गुप्तरोगाबद्दल बोलताना लाजायची वेळ येत नाही.

कुणाशी सूर जुळला तर आधी महिनाभर चॅट, मग ॲपवरूनच आवाजी कॉल, मग वाटलं तर भेट. भेट दिवसा, गर्दीच्या ठिकाणी, कुणाच्या घरी नाही, आणि येताजाताना आपल्या गाडीने नको, रिक्षाने किंवा बसने. पाच-सहा जण झालात की स्वतःचाच छोटा गट करा, मराठीत बोललं की मन लवकर मोकळं होतं. आमच्याकडे नियम मोजकेच आहेत. कुणी कुणाचं खरं नाव विचारायचं नाही, स्क्रीनशॉट नाही, औषधाचा डोस डॉक्टर सांगेल आपण नाही, लागण कुणाकडून झाली यावरून कुणाची उलटतपासणी नाही, आणि नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला फक्त ऐकायचं. टेलिग्रामवर असा गट उघडायचा असेल तर लिंक पब्लिक ठेवू नका, जुन्या मेंबरने बोलून खात्री केल्यावरच नवीन माणसाला आत घ्या, आणि ॲडमिन दोघं ठेवा, म्हणजे एकाला मध्येच ब्रेक घ्यावासा वाटला तरी गट चालू राहतो.