जुन्या काळातील हजयात्रा नकाशावर कशी मांडावी

जुन्या यात्रेकरूचा मार्ग समजून घेण्यासाठी आजच्या सीमा दाखवणारा नकाशा न घेता डोंगर, वाळवंट, नद्या आणि किनारे तेवढे दाखवणारा नकाशा घ्यावा. उदाहरणादाखल ११८३ मध्ये स्पेनमधील ग्रानाडाहून निघालेल्या मुस्लिम प्रवासी इब्न जुबैरची यात्रा घेऊ, कारण त्याने आपल्या नोंदी तारीखवार ठेवल्या आहेत.

प्रथम तारखा लावून घ्याव्यात. हिजरी (इ.स. ६२२ पासून मोजले जाणारे इस्लामी) वर्ष चांद्र असून ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हिजरी सनात नुसते ६२२ मिळवून चालत नाही. इब्न जुबैरचा हज हिजरी ५७९ मधला, म्हणजे त्या हिशेबाने १२०१ चा ठरेल, पण तो प्रत्यक्षात मार्च ११८४ मध्ये झाला. त्यासाठी रूपांतराचे कोष्टकच वापरावे.

त्यानंतर ठिकाणे क्रमाने जोडावीत आणि रेषा जिथे वाकडी जाते तिथे थांबून कारण शोधावे. माझ्या मते या अभ्यासाचा खरा गाभा हाच आहे. कैरोहून मक्केला जाण्यासाठी सिनाईतून खुश्कीचा मार्ग होता, तरीही इब्न जुबैर नाईल नदीने दक्षिणेला कूसपर्यंत गेला, तेथून उंटांच्या काफिल्याबरोबर वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरात पोहोचला आणि जहाजाने जिद्द्याला उतरला, कारण सिनाईपलीकडच्या वाटेवर क्रुसेडरांच्या (धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपीय ख्रिश्चनांच्या) किल्ल्यांचा धाक होता. ऐधाबची जहाजे खिळे न मारता काथ्याच्या दोरीने शिवलेली असत आणि त्यांत यात्रेकरू दाटीवाटीने कोंबले जात, हे वाचले की नकाशावर बोटभर दिसणारे ते अंतर केवढे होते हे उमगते. पुढे १३२६ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूताही ऐधाबला पोहोचला, पण स्थानिक बेजा जमातीचा सत्ताधीश आणि इजिप्तचे राज्यकर्ते मामलुक यांच्यातील लढाईमुळे त्याला कैरोला परतून दमास्कसच्या काफिल्याबरोबर जावे लागले. आज ऐधाबचे केवळ अवशेष उरले असल्याने ते वेगळ्या खुणेने दाखवावे.

मुक्कामाच्या कालावधीनुसार वर्तुळे लहानमोठी काढावीत. मक्केतला मुक्काम आठ महिन्यांहून अधिक होता. परतीची मदिना, कूफा, बगदाद, मोसुल, अलेप्पो, दमास्कस आणि अक्का ही वाट दुसऱ्या रंगाने रेखावी. भूमध्य समुद्रावरील अक्का बंदर तेव्हा क्रुसेडरांच्या ताब्यात असूनही इब्न जुबैर तिथूनच इटलीतील जिनोव्हाच्या जहाजावर चढला, म्हणून शहरावर सत्ता कोणाची आणि जहाज कोणाचे या दोन्ही बाबी शेजारी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात.